सदतीस अंश

आमच्या घरी हिवाळा आल्याचे कॅलेंडर सांगत नाही, खोबरेल तेलाची बाटली सांगते. दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे होतात, सकाळी हॅरिस पुलावर धुके उतरते, खालची मुळा नदी दिसेनाशी होते (वास मात्र येत राहतो!), आणि एके दिवशी आजी न्हाणीघरातून ओरडते, "अगं, तेल थिजलं बघ!" मग ती बाटली ओट्यावरच्या उन्हात नाहीतर गरम पाण्याच्या तांब्यात जाऊन बसते. पाच-दहा मिनिटांत तेल पुन्हा पातळ, पुन्हा स्वच्छ. लहानपणापासून हे मी पाहत आले आहे. पण माणसाच्या रक्तातही असे काही थिजत असेल आणि त्यावर एखाद्याचे पाय, हात, कदाचित आयुष्यही अवलंबून असेल, हे मात्र माझ्या स्वप्नातही आले नव्हते. मी कला शाखेची विद्यार्थिनी. विज्ञानाशी माझे नाते दहावीला ६५ गुण मिळवून संपले होते. ते पुन्हा जुळवले माझ्या आजोबांनी.

आजोबा मूळचे माण तालुक्यातले. १९७२ च्या दुष्काळात विहिरी आटल्या, बैल विकले गेले, तेव्हा वीस वर्षांचे आजोबा एक पत्र्याची पेटी घेऊन पुण्याकडे निघाले. काही दिवस खडी फोडली, काही दिवस हमाली केली आणि मग दापोडीच्या एस.टी.च्या मध्यवर्ती कार्यशाळेत चिकटले. आयुष्यभर त्यांनी गाड्यांच्या बॉडीला पत्रे ठोकले, रिव्हेट मारले. आजही रस्त्यावर लालपरी दिसली की ते गाडीचा नंबर बघत नाहीत, पत्र्याचा जोड बघतात. "ह्यो जोड आमच्या वेळचा न्हाई," एवढेच म्हणतात. पण त्या एका वाक्यात अडतीस वर्षांची नोकरी असते. २०१० साली ते निवृत्त झाले.

२०२३ च्या डिसेंबरात त्यांच्या पायांवर जांभळे ठिपके उठले. नडगीवर, घोट्याच्या वर, तांदळाच्या दाण्याएवढे, बोटाने दाबले तरी न जाणारे. पहाटे नळाचे पाणी भरताना हाताची बोटे निळी पडत. सांधे दुखत, अंगात त्राण नसे, तळपायांना मुंग्या येत. आजीने निदान केले, "वात आहे." शेजारच्यांनी निदान केले, "थंडी बाधली." मी निदान केले, "म्हातारपण." तिघांचेही निदान तसे चुकले, पण थंडीचे नाव घेणारे शेजारी सत्याच्या सर्वांत जवळ होते, हे आम्हांला पुढे कळले.

त्वचेच्या डॉक्टरांनी ठिपके बघितले, बोटे बघितली आणि चिठ्ठीवर एक लांबलचक नाव लिहिले: क्रायोग्लोब्युलिन. रक्तातली काही प्रतिपिंडे, म्हणजे रोगाशी लढण्यासाठी शरीर जी प्रथिने बनवते ती, काही माणसांत थंडी लागली की विरघळलेली राहत नाहीत. त्यांचा साका होतो. पुन्हा ऊब मिळाली की तो विरघळतो. हातापायांची टोके शरीरात सर्वांत थंड, म्हणून बारीक रक्तवाहिन्या तिथेच तुंबतात, सुजतात, फुटतात. ते जांभळे ठिपके त्याचे. डॉक्टरांचे बोलणे संपल्यावर आजोबा म्हणाले, "म्हंजी माझं रगत खोबरेल तेल झालंय म्हना की!" डॉक्टर हसले. म्हणाले, "आजोबा, मला हे इतकं सोपं सांगता आलं नसतं."

एक पोरगा मोटारसायकलवरून घरी आला, दंडाला रबर बांधून रक्त काढले, नळी बर्फाच्या पिशवीत टाकली आणि दुसऱ्या घरी निघून गेला. आठवड्याने अहवाल आला: क्रायोग्लोब्युलिन आढळले नाही. आम्हांला हायसे वाटले. आजीने देवापुढे साखर ठेवली. पण अहवाल चांगला आणि पाय वाईट, असा विचित्र प्रकार सुरू झाला. संक्रांतीपर्यंत डाव्या घोट्यावर जखम झाली आणि ती भरेना. आजोबांना चालवेना. अडतीस वर्षे उभ्याने काम केलेला माणूस भिंत धरून संडासाला जाऊ लागला. रात्री कण्हण्याचा आवाज ऐकू येई, पण सकाळी विचारले तर म्हणत, "मी? मी कशाला कण्हू? मांजर असंल."

दुसऱ्या मोठ्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी अहवाल वाचला आणि एकच प्रश्न विचारला, "रक्त नेताना गरम ठेवलं होतं का?" आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहिले. मी बर्फाची पिशवी सांगितली. त्यांनी कागद बाजूला ठेवला. "हा अहवाल खोटा नाही," ते म्हणाले, "पण तो तुमच्या आजोबांच्या रक्ताचा राहिलेला नाही."

याचा अर्थ मला समजावला काकूंनी. काकू म्हणजे आमच्या मागच्या आळीतल्या. एका सरकारी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत तीस वर्षे तंत्रज्ञ म्हणून राबलेल्या आणि आता निवृत्त. मी चिठ्ठी दाखवताच त्या म्हणाल्या, "अगं, हे रक्त अंगाबाहेर आलं तरी त्याला अंगातच आहोत असं वाटलं पाहिजे. सदतीस अंश! गुठळी बसेपर्यंत तेवढी ऊब हवी. त्याआधी थंड झालं की साका आधीच होतो आणि गुठळीबरोबर तळाला जातो. वरचं पाणी स्वच्छ दिसतं. मग ते सात दिवस काय, सात वर्षं फ्रीजमध्ये ठेव, त्यात काही मिळायचं नाही. चोर आधीच पळालेला असतो, नंतर घराला कुलूप लावून काय उपयोग?"

आणि मग त्याच म्हणाल्या, "मी काढते रक्त. न्यायचं मात्र तुला."

ती जानेवारीतली सकाळ मला अजून आठवते. आजीने बंबात पाणी तापवले. काकूंनी आपला जुना काचेचा तापमापक आणला होता. पाण्यात बुडवून, पाऱ्याकडे डोळे बारीक करून पाहत, थोडे गार थोडे गरम असे करीत त्यांनी पाणी अडतीस अंशांवर आणले. "एक अंश वाटखर्चाला," त्या म्हणाल्या. त्या पाण्यात सिरिंज आणि लाल टोपणाच्या रिकाम्या नळ्या पिशवीत घालून आधीच शेकवून ठेवल्या. आजोबा खाटेवर बसून हे सगळे बघत होते. "बाई, माझ्या लग्नात बी एवढी तयारी झाली न्हवती," ते म्हणाले. काकूंनी त्यांचा हात हातात घेतला, शीर सापडली, नळ्या भरल्या आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच त्या थर्मासमध्ये गेल्या. तो थर्मास आमच्या घरचा नेहमीचा, आजोबा रात्रपाळीला चहा न्यायचे तो. झाकणाला पडलेला पोचा अजून तसाच आहे.

प्रयोगशाळा शिवाजीनगरला होती. काकूंच्या हाताखाली शिकलेली एक ताई तिथे होती आणि ती नळ्या आल्याबरोबर गरम पाण्याच्या हौदात ठेवणार होती. मी थर्मास शालीत गुंडाळून मेट्रोच्या दापोडी स्थानकात शिरले. सुरक्षारक्षकाने विचारले, "यात काय, चहा?" मी म्हणाले, "नाही, रक्त." तो दचकून मागे सरला. मग म्हणाला, "उघडून दाखवा." मी म्हणाले, "उघडलं तर थंड होईल हो." माझा आवाज बहुधा रडका झाला असावा. डॉक्टरांची चिठ्ठी त्याने उलटसुलट वाचली, एकदा माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, "जा ताई. सांभाळून." आत डब्यात वातानुकूलित गारवा. एरवी आम्ही मैत्रिणी मेट्रोत शिरलो की त्याच गारव्याला "अहाहा!" म्हणतो. त्या दिवशी तो मला शत्रूसारखा वाटला. थर्मास पोटाशी धरून मी बसून होते. बोपोडी गेले, खडकी गेले. बाहेर ऊन होते, पण मी मनातल्या मनात फक्त एक आकडा मोजत होते. सदतीस, सदतीस, सदतीस.

ताईने नळ्या घेतल्या. तापमापक पाहिला. साडेछत्तीस. "चालेल," ती म्हणाली, आणि माझे पाय लटपटले. रक्त आणखी थोडा वेळ उबेत राहिले, गुठळी बसली, मग गरम यंत्रात गरगर फिरवून वरचा पिवळसर द्रव वेगळा काढला. तो चार अंशांवर फ्रीजमध्ये. "आता?" मी विचारले. "आता थांबायचं. सात दिवसांपर्यंत."

वाचकहो, सात दिवस थांबणे म्हणजे काय, ते परीक्षेच्या निकालाची वाट पाहणाऱ्यांना मी सांगायला नको. पण परीक्षेच्या निकालात आपण पास व्हावे असे वाटते. इथे मला काय वाटावे तेच कळत नव्हते. साका सापडला तर आजोबा आजारी. न सापडला तर आजोबा आजारीच, पण आजाराला नाव नाही. रोज संध्याकाळी मी काकूंकडे जाऊन बसे. त्या भाजी निवडत आणि बोलत.

त्यांच्या बोलण्यातून मला एक वेगळीच दुनिया दिसली. थंडीत वागणे बदलणारी प्रतिपिंडे दोन तऱ्हांची. एक ही, स्वतःच गोठून खाली बसणारी. दुसरी तांबड्या पेशींना एकमेकींना चिकटवणारी, तिला कोल्ड ॲग्लुटिनिन म्हणतात. रक्तगट शोधणारे कार्ल लॅन्डस्टायनर यांनीच १९०३ मध्ये तिचे वर्णन केले. थोड्या प्रमाणात ती जवळजवळ प्रत्येकात असते आणि काही करीत नाही. "हिवाळ्यात सकाळी पेशी मोजायचं यंत्र वेडेवाकडे आकडे द्यायचं," काकू सांगत होत्या. "पेशी कमी, आकार मोठा, सगळंच अशक्य. नवी पोरं घाबरायची. मी नळी मुठीत धरायची, गरम पाण्यात ठेवायची, पुन्हा यंत्रात घालायची. आकडे सरळ! रोग्याला काही झालेलं नसायचं, नळीला थंडी वाजलेली असायची." मग त्यांनी मुंबईची गोष्ट सांगितली. १९५२ मध्ये डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत असा रक्तगट शोधला की त्यात ए नाही, बी नाही, आणि ओ गटात असतो तो एच पदार्थही नाही. जगभर त्याला 'बॉम्बे' गट म्हणतात. या लोकांच्या रक्तातले एचविरुद्धचे प्रतिपिंड थंडीत तर काम करतेच, पण सदतीस अंशांवरही करते. म्हणून साधे ओ गटाचे रक्त दिले तरी त्यांच्या जिवावर बेतते. "प्रश्न प्रतिपिंड आहे की नाही हा नसतोच," काकू म्हणाल्या, "ते किती उबेत जागं राहतं, हा असतो."

आजोबांच्या आजाराचा इतिहासही त्यांनीच सांगितला. १९३३ मध्ये अमेरिकेत विन्ट्रोब आणि ब्यूएल यांनी एका रोग्याच्या रक्तद्रवात थंडीने बसणारा साका पहिल्यांदा नोंदवला. १९४७ मध्ये लर्नर आणि वॉटसन यांनी त्याला क्रायोग्लोब्युलिन हे नाव दिले. १९६६ मध्ये मेल्टझर आणि फ्रँकलिन यांनी जांभळे ठिपके, सांधेदुखी आणि अशक्तपणा ही तीन लक्षणे एकत्र मांडली. तीच तीन, जी आमच्या घरात खाटेवर बसली होती! विन्ट्रोबचे नाव ऐकताच काकूंचे डोळे चमकले. "त्याच्याच नावाची नळी मी तीस वर्षं धुतली," त्या म्हणाल्या. मला वाटले, कुणाचे नाव पुस्तकात राहते, कुणाचे नळीवर राहते, आणि नळी धुणाऱ्याचे कुठेच राहत नाही.

पाचव्या दिवशी मला राहवेना. मी प्रयोगशाळेत गेले. ताईने फ्रीजमधून नळी काढली आणि खिडकीशी धरली. वर पिवळसर पाणी, आणि तळाशी पांढरा, भुरभुरीत थर. ताक थोडा वेळ ठेवले की खाली बसते ना, तसा. "हे बघ," ती म्हणाली, आणि ती नळी तिने गरम पाण्यात ठेवली. मी डोळे न मिटता बघत राहिले. हळूहळू तो थर विरला. काही वेळाने नळीत काहीच नव्हते. स्वच्छ, पारदर्शक, निरपराध पाणी! मला ओट्यावरची खोबरेल तेलाची बाटली आठवली आणि का कोण जाणे, डोळ्यांत पाणी आले.

साका सापडला म्हणजे काम संपले नव्हते, सुरू झाले होते. थर किती ते मोजले, प्रथिने कोणती ते तपासले, आणि मोठ्या डॉक्टरांनी लगेच आणखी एक तपासणी सांगितली: हिपॅटायटिस सी. कित्येक वर्षे या आजाराच्या बहुतेक रोग्यांत कारणच सापडत नसे. १९८९ मध्ये या विषाणूचा शोध लागला, आणि मग उमगले की अशा संमिश्र साक्याच्या मागे पुष्कळदा तोच असतो. (त्या शोधासाठी अल्टर, ह्यूटन आणि राइस यांना २०२० चे नोबेल मिळाले.) विषाणू यकृतात वर्षानुवर्षे दडून बसतो, शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे बनवीत राहते, आणि शेवटी ती प्रतिपिंडेच एकमेकांना धरून थंडीत खाली बसतात. शत्रू राहतो बाजूला, सैन्यच रस्ता अडवते.

तपासणी होकारार्थी आली. डॉक्टरांनी विचारले, "आजोबा, तुम्हांला कधी रक्त चढवलं होतं?"

आजोबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "व्हय. चौऱ्याऐंशी साली."

ती गोष्ट घरात सर्वांना पाठ होती. रात्रपाळी संपवून सायकलवरून येताना एका ट्रकने त्यांना उडवले. मांडीचे हाड मोडले, रक्त फार गेले. बातमी कार्यशाळेत पोचली आणि पाळीवरचे चार कामगार कपडे न बदलता, ग्रीसच्या हातांनी रुग्णालयात गेले आणि रक्त देऊन आले. तीन बाटल्या चढल्या. आजोबा वाचले. त्या चौघांची नावे दर दसऱ्याला आमच्या घरी निघत. त्यांतला एक, आजोबांचा जिवलग, पुढे पोटात पाणी होऊन, यकृताच्या आजाराने गेला होता.

त्या दिवसापासून आजोबा गप्प झाले. जेवण कमी झाले. मला वाटले, आजाराचे भय. पण एका रात्री पाय शेकताना ते मला म्हणाले, "पोरी, एक वचन दे. त्येचं नाव कुटं घेऊ नगंस. त्येच्या पोरांच्या कानावर हे जाता कामा न्हाई. त्यानं मला जीव दिला. त्येच्या रगतात काय व्हतं त्ये त्येला तरी कुटं ठावं व्हतं?"

मग मला कळले की आजोबांच्या पायापेक्षा मोठी जखम कुठे होती. चाळीस वर्षे जपलेली कृतज्ञता एका तपासणीने संशयात टाकली होती. विज्ञानाने कारण शोधून दिले. पण कारण सापडले की माणसाला लगेच माणूस शोधावासा वाटतो.

मी काकूंना बोलावून आणले. त्या आजोबांच्या खाटेशी स्टूल ओढून बसल्या. "दादा," त्या म्हणाल्या, "मी त्याच काळात काम केलंय. रक्त द्यायला चौघं आले ते बदली म्हणून. त्यांच्या बाटल्या पेढीत जमा झाल्या, आणि तुम्हांला त्या आधीच तिथं असलेल्या चढल्या असतील. कुणाच्या, ते कुणालाच सांगता यायचं नाही. शिवाय तेव्हा काचेच्या सिरिंज. उकळून उकळून पुन्हा तीच सुई. लहानपणी गावात इंजेक्शनं घेतली असतील, त्यातूनही आला असेल. आणि विषाणू सापडलाच एकोणनव्वदला! चौऱ्याऐंशी साली जगातल्या कुठल्याच रक्तपेढीला हे तपासता येत नव्हतं. कुणाला दोष द्याल?"

आजोबा ऐकत राहिले. मग हळूच म्हणाले, "म्हंजी त्यो न्हवं?"

"कोण होता ते कळणारच नाही," काकू म्हणाल्या. "पण ती बाटली मिळाली नसती तर चौऱ्याऐंशीलाच खेळ आटोपला असता. तिनं तुम्हांला चाळीस वर्षं दिली. पोरं दिली, ही नात दिली."

आजोबांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले आणि आजीला म्हणाले, "बाईंना च्या टाक."

औषध म्हणजे नुसत्या गोळ्या. रोज घ्यायच्या, बारा आठवडे. राष्ट्रीय विषाणूजन्य कावीळ नियंत्रण कार्यक्रम २०१८ पासून सुरू आहे, त्यात त्या सरकारी रुग्णालयातून मोफत मिळतात, हेही आम्हांला तेव्हाच कळले. आजोबांनी एकही गोळी चुकवली नाही. पाळीला वेळेवर जाणारा माणूस! गोळ्या संपल्यावर बारा आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासले. विषाणू नव्हता. घोट्याची जखम पावसाळ्यापूर्वीच भरली. साका मात्र लगेच गेला नाही; कमी कमी होत गेला. तळपायांच्या मुंग्या अजून आहेत, आणि त्या राहतील असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे. हिवाळ्यात आजोबा लोकरीचे मोजे, हातमोजे घालून ओट्यावर बसतात. रस्त्यावरची पोरे हसतात. ते त्यांना हात हलवून दाखवतात.

हे सगळे लिहिताना माझ्या मनात एकच विचार येतो. पहिला अहवाल कुणी लबाडीने दिला नव्हता. कुणी मुद्दाम चुकलेही नव्हते. फक्त एका नळीला वाटेत ऊब मिळाली नाही, आणि तिच्यातले सत्य खाली बसून गेले. माणसांचेही असेच होत असेल का? आजोबांच्या मनातली ती गोष्ट आम्ही घाईने, थंडपणे विचारली असती तर तीही तळाशीच राहिली असती आणि वरचे पाणी आम्हांला स्वच्छ दिसले असते.

यंदा पुन्हा तेल थिजले आहे. आजीने बाटली ओट्यावर ठेवली आहे, आजोबा तिच्या शेजारी बसले आहेत. दोघांवर ऊन पडले आहे. आणि गेल्या दसऱ्याला, नेहमीप्रमाणे, चारही नावे घरात निघाली. चारही.